एआरएमवर स्पिनलॉकचं अनलॉक साध्या स्टोअरने करू नका
एकाने आपला कोड देऊन विचारलंय की एक्स८६ (इंटेल-एएमडी) प्रोसेसरवर नीट चालणारा स्पिनलॉक (मोकळा होईपर्यंत लूपमध्ये फिरत थांबायला लावणारा लॉक) ६४-बिट एआरएम प्रोसेसरवर मधूनच डेटा का बिघडवतो, तर तो कोड बघून माझ्या मते घोळ लॉक घेण्यात नाही, सोडण्यात आहे. एक्स८६ वर अनलॉकला साधा मूव्ह (मेमरीत लिहिणारी साधी सूचना, म्हणजेच स्टोअर) पुरतो कारण तिथे आधीचे रीड-राइट नंतरच्या स्टोअरच्या मागे पडत नाहीत, फक्त कंपायलरला त्यांचा क्रम बदलण्यापासून अडवावं लागतं. एआरएमवर ही हमी नाही! दुसऱ्या कोअरला लॉक मोकळा आधी दिसतो आणि आतला डेटा मागून येतो, म्हणून लॉक घेताना एलडीएएक्सआर-एसटीएक्सआरचं लूप (वाचायचं आणि मध्ये कुणी बदललं नसेल तरच लिहायचं; एआरएमव्ही८.१ पासून एका फटक्यात अदलाबदल करणारी एसडब्ल्यूपीए सूचना आहे, मिळत असेल तर तीच) आणि सोडताना एसटीएलआरच, म्हणजे आधीचं सगळं दिसल्यावरच दिसणारं स्टोअर.

अजून एक कळकळीने सांगतो, एक्स८६ वर लॉकची वाट बघणाऱ्या लूपमध्ये सारखं एक्सचेंज (लॉकची किंमत एका फटक्यात बदलणारी सूचना) मारू नका, दरवेळी कॅश लाइन (लॉक असलेला कॅशचा तुकडा) त्या एकाच कोअरसाठी एक्सक्लुझिव्ह मागितली जाते आणि सगळे कोअर ती एकमेकांकडून ओढत बसतात. आधी नुसतं वाचत थांबा, मध्ये पॉज (थोडं थांबायला लावणारी सूचना) टाका, मोकळा दिसला की मगच एक्सचेंज. आणि पॉज इंटेलच्या स्कायलेक प्रोसेसरपासून १४० सायकलपर्यंत गेलाय, आधी १० च्या आसपास होता, त्यामुळे जुन्या कोडमधले बॅकऑफचे (पुन्हा प्रयत्न करण्याआधी किती थांबायचं त्याचे) आकडे तसेच उचलू नका, स्वतःच्या मशीनवर मोजून ठरवा.