माजी सैनिक आणि अग्निशमन जवानांसाठी ट्रॉमा थेरपी: आठवणीला हात कधी घालायचा?

प्रश्न: सातारा_समुपदेशक

नमस्कार मंडळी. आमच्या केंद्रात दोन प्रकारची माणसं येतात: निवृत्त फौजी आणि नगरपालिकेच्या अग्निशमन दलातले जवान. तक्रारी ठरलेल्या असतात. झोप नाही, चिडचिड, घरात कुणाशी बोलणं नाही, संध्याकाळी दारू. मूळ घटनेबद्दल विचारलं की "ते सोडा सर, झालं गेलं" म्हणून विषय संपवतात.

माझे प्रश्न:
१. आधी किती दिवस माणूस 'स्थिर' करायचा आणि मग घटनेवर यायचं?
२. पीई (घटना पुन्हा पुन्हा सांगून आणि टाळलेल्या गोष्टींना सामोरं जाऊन करायची एक्सपोजर थेरपी), सीपीटी (अडकलेले विचार तपासायची थेरपी), ईएमडीआर (आठवण मनात धरून डोळे इकडून तिकडे हलवायची थेरपी) यांतलं काय निवडायचं? काही जण ऐंशी किलोमीटरवरून येतात, दर आठवड्याला जमत नाही.
३. दारू आधी की ट्रॉमा आधी?
४. मोठ्या दुर्घटनेनंतर सगळ्या टीमला एकत्र बसवून "बोला, मोकळे व्हा" असं सत्र घ्या अशी अधिकाऱ्यांची मागणी असते. घ्यावं का?

उत्तर १: चिकित्सा_मानसशास्त्र_पुणे

पहिल्या प्रश्नातच बहुतेक उपचार अडकतात. ट्रॉमा-इन्फॉर्म्ड, म्हणजे मानसिक आघाताचं भान ठेवून केलेला उपचार, याचा अर्थ आठवणीला हात न लावणं असा घेतला जातो आणि सहा-सहा महिने श्वासाचे व्यायाम, रिलॅक्सेशन, गप्पा चालू राहतात. पेशंट टाळतोय, थेरपिस्टही टाळतोय. पीटीएसडी (भयंकर घटनेनंतरचा तणाव-विकार) टिकून राहतो तोच टाळण्यामुळे. आत्महत्येचा तातडीचा धोका, सायकोसिस (वास्तवाचं भान सुटणं), दारू सुटतानाची लक्षणं किंवा घरात आज चालू असलेली मारहाण यांपैकी काही असेल तर आधी ते. नसेल तर तिसऱ्या सेशनला घटनेवर यायला हरकत नाही.

आधी मोजमाप. पीसीएल-५ या पीटीएसडीच्या प्रश्नावलीत २० प्रश्न, प्रत्येकाला ० ते ४, एकूण ८०. ३१ ते ३३ च्या पुढे गेला तर पीटीएसडीची नीट तपासणी करा. नुसत्या आकड्यावर निदान लिहू नका. प्रश्न वाचून दाखवा, कारण फौजी माणूस फॉर्म हातात दिला की सगळीकडे शून्य भरतो. मग दर आठवड्याला किंवा एकाआड एक सेशनला तेच मोजा. आणि घटनेला महिना झाला नसेल तर पीटीएसडी हा शब्द वापरू नका. निदानाला एक महिना लागतो.

अग्निशमन जवानांच्या बाबतीत "त्याच्या स्वतःच्या जिवावर कुठे बेतलं होतं?" असं म्हणून निदान नाकारू नका. २०१३ च्या डीएसएम-५ या मानसिक आजारांच्या निदान-पुस्तिकेत मानवी अवशेष गोळा करणाऱ्यांना कामाचा भाग म्हणून वारंवार जे पाहावं लागतं, तेही निकषात स्पष्ट धरलं आहे.

आता पीई. ८ ते १५ सेशन, प्रत्येक ९० मिनिटांचं. पहिल्यात कारणमीमांसा आणि श्वास. दुसऱ्यात टाळलेल्या गोष्टींची शिडी, ० ते १०० त्रासाच्या मापावर. तिसऱ्यापासून डोळे मिटून घटना सांगणं, ३० ते ४५ मिनिटं, पुन्हा पुन्हा, आणि नंतर १५-२० मिनिटं त्यावर बोलणं. हे सगळं मोबाइलवर रेकॉर्ड करून घरी रोज ऐकायचं.

इथे एक बारकावा आहे. फौजी माणूस घटना रिपोर्टसारखी सांगतो, तीही अर्धी हिंदीत: "पार्टी लेफ्ट से गयी, फायर आया, दो कॅज्युअल्टी." ऐकायला सुसूत्र वाटतं, पण माणूस त्यात कुठेच नसतो. त्याला घरच्या बोलीत, वर्तमानकाळात आणि 'मी' धरून सांगायला लावा: "मी भिंतीला पाठ लावून बसलोय, माझ्या हाताला ओलं लागतंय." त्रासाचा आकडा ३० वरून ८० वर गेला की समजा आपण योग्य जागी आलो. त्या क्षणी "पाणी घ्या, थांबूया" म्हणालात तर मेंदू एवढंच शिकेल की आठवण खरंच धोकादायक आहे. अपवाद एकच. माणूस खोलीतच राहिला नाही, नजर शून्यात आणि हाकेला ओ नाही, तर डोळे उघडायला लावा, पाय जमिनीवर दाबायला सांगा, आजची तारीख विचारा. तो परत आला की उघड्या डोळ्यांनी पुढे.

शिडी खऱ्या आयुष्यातली हवी. एसटी स्टँडवर पाठीमागे गर्दी ठेवून अर्धा तास उभं राहणं, हॉटेलात दाराकडे पाठ करून बसणं, लग्नाच्या वरातीजवळ थांबणं. त्रास निम्म्यावर येईपर्यंत किंवा ३०-४५ मिनिटं तिथेच थांबायचं. हातात फोन किंवा कानात गाणी असतील तर ते एक्सपोजर धरू नका.

सीपीटी मी अपराधीपणा मोठा असेल तेव्हा निवडते. १२ सेशन, साधारण ५० ते ६० मिनिटांची. "मी दोन मिनिटं आधी पोहोचलो असतो तर मुलगी वाचली असती" हा अडकलेला विचार कागदावर लिहून घ्यायचा आणि पुराव्याने तपासायचा: वर्दी (आगीची खबर) किती वाजता आली, पत्ता बरोबर होता का, जिना कसा होता, त्या वेळी हातात कोणती माहिती होती. आज कळलेली गोष्ट तेव्हाही माहीत होती असं मन धरून चालतं. ते त्याच्या तोंडून यायला हवं. "तुमची चूक नव्हती हो" असं आपण म्हणून उपयोग होत नाही.

पण जिथे खरोखर त्याच्या हातून नको ते घडलं आहे, तिथे हा वाद घालू नका. ती नैतिक जखम आहे. तिथे कबुली, जबाबदारी किती याची नीट वाटणी, आणि आता भरपाई म्हणून काय करता येईल ही वाट आहे. खोटा दिलासा दिलात तर तो परत येणार नाही.

लांबून येणाऱ्यांसाठी लिहून एक्सपोजर करायची पद्धत बघा. पाच सेशन, प्रत्येकात ३० मिनिटं एकाच घटनेबद्दल हाताने लिहिणं, घरचा अभ्यास नाही. २०१८ मध्ये झालेल्या तुलनेत ती सीपीटीपेक्षा कमी ठरली नाही आणि मध्येच सोडून जाणारेही कमी होते. ईएमडीआरही चांगला पर्याय आहे, पण त्याचे आठ टप्पे असतात. नुसती बोटं हलवणं म्हणजे ईएमडीआर नव्हे. रीतसर प्रशिक्षण घेतलं नसेल तर करू नका.

उत्तर २: मनोविकार_नागपूर

वरच्या मताशी सहमत. औषध आणि दारूबद्दल लिहितो.

दारू आधी पूर्ण सोडा, मग ट्रॉमा बघू, हे धोरण चालत नाही. तो झोपेसाठी पितो, झोप जाते दुःस्वप्नांमुळे, म्हणून दोन्ही बरोबरीने हाताळावं लागतं. ऑडिट या दहा प्रश्नांच्या चाचणीत ८ किंवा अधिक गुण आले तर लक्ष द्या. मात्र रोज भरपूर पिणाऱ्याला "आजपासून बंद" असं समुपदेशकाने कधीच सांगू नये. शेवटच्या पेगनंतर ६ ते ४८ तासांत फिट येऊ शकते आणि ४८ ते ९६ तासांत भ्रम, थरथर, ताप. यात माणूस दगावतो. आधी डॉक्टरकडे पाठवा, थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) सुरू होऊ द्या, गरज असेल तर भरती.

औषधात सर्ट्रालीन, पॅरॉक्सेटीन आणि व्हेन्लाफॅक्सीन यांना चांगला आधार आहे. अमेरिकेच्या व्हेटरन्स खात्याच्या २०२३ च्या मार्गदर्शिकेत औषधापेक्षा वैयक्तिक थेरपी आधी सुचवली आहे. सर्ट्रालीन २५ किंवा ५० मिग्रॅपासून, गरजेनुसार २०० पर्यंत. चार ते सहा आठवडे द्यावे लागतात, हे पहिल्याच दिवशी सांगा. लैंगिक तक्रारी होऊ शकतात, तेही सांगा. पुरुष पेशंट याच कारणाने गोळी गुपचूप बंद करतात आणि आपल्याला वाटतं औषध लागू पडलं नाही.

अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम या बेन्झो गटातल्या गोळ्या देऊ नका. दारू उतरवताना काही दिवस बेन्झो वापरतात, तो प्रकार वेगळा. पीटीएसडीवर त्यांचा फायदा दिसत नाही, सवय लागते आणि एक्सपोजरमध्ये मेंदूने जे शिकायचं ते बोथट होतं. गावाकडे हीच गोळी 'झोपेची' म्हणून वर्षानुवर्षं चालू असते. चालू असेल तर एकदम तोडू नका, हळूहळू कमी करायला डॉक्टरकडे पाठवा.

दुःस्वप्नांसाठी प्राझोसिन रात्री १ मिग्रॅपासून वाढवतात. काहींना फायदा होतो, पण २०१८ च्या माजी सैनिकांवरच्या मोठ्या चाचणीत तो दिसला नाही, म्हणून चमत्काराची आशा दाखवू नका. पहिल्या डोसला रक्तदाब पडतो. रात्री लघवीला उठताना आधी पलंगाच्या कडेला बसायला सांगा. आणि घोरणं, दिवसा डुलकी असेल तर स्लीप अॅप्निया (झोपेत श्वास अडकणं) तपासा.

उत्तर ३: अग्निशमन_प्रशिक्षक

चौथ्या प्रश्नाचं उत्तर: सक्तीचं मोकळं होण्याचं सत्र घेऊ नका. ब्रिटनच्या नाइस संस्थेची २०१८ ची मार्गदर्शिका पीटीएसडी टाळण्यासाठी वा बरा करण्यासाठी असं डिब्रीफिंग देऊ नका असंच सांगते. ज्याने बॉडी पाहिलीच नव्हती, त्यालाही दुसऱ्याच्या तोंडून ती दिसते. वरिष्ठ समोर बसलेले असताना खरं तर कुणी बोलतही नाही.

कामाचा आढावा वेगळा. पाणी कमी का पडलं, शिडी कुठे अडली, वायरलेस का लागला नाही, ही चर्चा त्याच दिवशी जरूर करा. भावना त्यात ओढू नका.

पहिल्या तीन दिवसांत करायचं ते साधं आहे. चहा-जेवण, अंघोळ, कोरडे कपडे, घरी एक फोन, लगेच पुढची वर्दी नाही. ज्याला बोलायचंय त्याचं ऐका, ज्याला नको त्याला सोडा. ब्रिटिश मरीन्समधून आलेल्या ट्रिम पद्धतीत प्रशिक्षित सहकारीच साधारण तीन दिवसांनी आणि पुन्हा २८ दिवसांनी ठरलेले मुद्दे विचारून बघतो. लक्षणं कमी होत नसतील तर तज्ज्ञाकडे. मला आपल्या दलांसाठी हीच रचना योग्य वाटते, कारण जवान डॉक्टरआधी शिफ्टमधल्या माणसाचं ऐकतो.

माळीण (२०१४) किंवा इर्शाळवाडीसारख्या (२०२३) दरड कोसळण्याच्या ठिकाणी बरंच काही कामाच्या आखणीवर अवलंबून असतं. मृतदेह काढणाऱ्यांची पाळी वरचेवर बदला. ओळख पटवणं, पाकीट, मोबाइल, लहान मुलांचे कपडे यांची नोंद वेगळ्या माणसांकडे द्या. ज्याने देह उचलला त्यानेच खिशातला फोटो पाहिला की तो चेहरा घरी सोबत येतो. पाहायची गरज नसलेल्यांना बाजूला ठेवा.

मास्क लावल्यावर गुदमरल्यासारखं होतं म्हणून बीए सेट (धुरात श्वास घ्यायचं मास्क-सिलिंडरचं उपकरण) टाळणाऱ्या जवानाला एकदम धुराच्या खोलीत घालू नका. आधी मास्क नुसता हातात, मग चेहऱ्याला लावून मैदानात बसून, मग सिलिंडर जोडून चालणं, मग अंधारात, शेवटी धूर. प्रत्येक पायरीवर त्रास उतरेपर्यंत थांबायचं, सोबत प्रशिक्षक हवाच. तोवर त्याला आत पाठवू नका. तिथे मास्क ओढून काढला तर जीव जाईल.

सातारा_समुपदेशक

खूप उपयोगी. एक अडचण राहिली. "कागदावर आलं तर नोकरी जाईल" ही भीती. आणि काहींच्या घरी परवान्याची बंदूक आहे, ते सिक्युरिटीत आहेत.

उत्तर ४: माजी_सैनिक_सहाय्य

भीती निराधार नाही, म्हणून ती उडवून लावू नका. सेवेतल्या जवानाच्या 'शेप' या लष्करी वैद्यकीय श्रेणीत 'एस' म्हणजे मानसिक अवस्था. निदान झालं की तात्पुरती श्रेणी लागते, सहसा २४ आठवड्यांची, आणि मग पुन्हा वैद्यकीय बोर्ड. बढती, पोस्टिंग, शस्त्र या सगळ्यावर परिणाम होतो. निवृत्तीनंतर डीएससीमध्ये (डिफेन्स सिक्युरिटी कोअर) पुन्हा भरती व्हायचं असेल तरी मेडिकल आहेच. त्यामुळे पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा: काय लिहिणार, कुठे ठेवणार, कुणाला दाखवणार. मानसिक आरोग्य कायदा २०१७ चं कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं, पण जिवाला धोका असेल तर ती मोडावी लागते, हेही तेव्हाच सांगा. नंतर सांगितलं तर विश्वासघात वाटतो.

बसायची जागा त्याला निवडू द्या, दार दिसेल अशी. पाठीमागून खांद्यावर हात नको, दाराला आतून कडी नको. हुद्द्याने हाक मारा, सुभेदार साहेब, हवालदार साहेब. "किती माणसं मारली?" हा प्रश्न केंद्रात शिपायापासून कुणीही विचारायचा नाही. दिवाळीच्या आधी दोन आठवडे फटाक्यांची तयारी करून घ्या.

खर्चासाठी ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) पॉलिक्लिनिकमधून रेफरल घ्या. कार्डाचा प्रश्न असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. ईसीएचएस नसलेल्यांना जिल्हा रुग्णालयाचा मानसिक आरोग्य विभाग. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीत चोवीस तास बोलता येतं. सैन्यदलांसाठी त्याचा खास कक्ष डिसेंबर २०२३ मध्ये पुण्याच्या एएफएमसीत (सैन्यदलांचं वैद्यकीय महाविद्यालय) सुरू झाला.

बंदुकीबद्दल: मरणाचे विचार येतात का, हे थेट विचारा. विचारल्याने विचार डोक्यात घुसत नाहीत. उत्तर हो असेल तर त्याच भेटीत सुरक्षा योजना लिहा, सहा पायऱ्यांची: धोक्याची चिन्हं, स्वतः करता येईल असं काही, लक्ष वळवणारी माणसं आणि जागा, मदत मागता येईल असे घरचे, तज्ज्ञांचे नंबर, घरातली साधनं दूर करणं. शेवटची पायरी सर्वात महत्त्वाची, आणि ती पत्नी किंवा भावासमोर व्हावी. बंदूक काही काळ पोलिस ठाण्यात किंवा परवानाधारक शस्त्रविक्रेत्याकडे जमा, पावती घरच्यांकडे. "काढून घेतोय" म्हणू नका. "शस्त्र जमा करणं" फौजेत रोजचं आहे, ते मान्य होतं. ड्युटीवर शस्त्र असेल तर काही दिवस बिनशस्त्र पॉइंट मागून घ्यायला सांगा. आणि शेतकरी घर असेल तर कीटकनाशकाचे डबे विसरू नका. गोठ्यात किंवा माडीवर असतात, तेही कुलपात, किल्ली दुसऱ्याकडे.

योजनेचा कागद घडी करून पाकिटात ठेवायला द्या आणि मोबाइलमध्ये फोटो काढून घ्या. पुढची भेट त्याच आठवड्यात. आला नाही तर त्याच दिवशी फोन.