रबरी चादर, जड गोळा आणि न समजलेला काळ: भौतिकशास्त्राची लोकप्रिय पुस्तके वाचावीत कशी?

प्रश्न: सायंतारा

गेल्या चार वर्षांत अवकाश, काळ आणि विश्वाची उत्पत्ती या विषयांवर सामान्य वाचकांसाठी लिहिलेली नऊ-दहा पुस्तके मी वाचून काढली. माझा भौतिकशास्त्राशी संबंध दहावीनंतर सुटला, त्यामुळे गणित असलेली पुस्तके माझ्या आवाक्यातली नाहीत. ही मात्र मी आवडीने आणि, माझ्या समजुतीप्रमाणे, समजून वाचली. हा समज गेल्या महिन्यात गळून पडला. बारा वर्षांच्या भाचीला गुरुत्वाकर्षण समजावून सांगताना मी जवळजवळ प्रत्येक पुस्तकात भेटलेले चित्र काढले: ताणून बसवलेली रबरी चादर, मधोमध जड गोळा, त्याने पडलेला खळगा आणि खळग्याभोवती फिरणारी गोटी. तिने विचारले, "पण मावशी, गोटी खळग्याकडे जातेच का? तिला खाली कोण ओढतं?" 'गुरुत्वाकर्षण' हा शब्द माझ्या ओठांवर आला आणि तिथेच अडला, कारण जे समजावून द्यायचे होते तेच मी गृहीत धरून बसले होते.

त्यानंतर जुनी पुस्तके पुन्हा काढून पाहिली. वेगाने जाणारे घड्याळ मंद चालते, हे विधान मी निदान सहा पुस्तकांत पेन्सिलीने अधोरेखित केलेले सापडले. ते मंद का चालते, हे मात्र मला आजही सांगता येत नाही. उपमांच्या आधाराने लिहिलेल्या या पुस्तकांतून खरोखर काही समजते, की केवळ समजल्याचे समाधान मिळते? आणि गणित न येणाऱ्या वाचकाने त्यापुढे जायचे असेल तर कोणत्या वाटेने जावे?

उत्तर 1: खडूफळा

आपल्या भाचीने चादरीच्या चित्रातील खरी उणीव पकडली आहे. वस्तुमानामुळे भूमिती बदलते आणि बदललेली भूमिती वस्तूंची वाट ठरवते, एवढेच सांगण्याची त्या चित्राची ताकद आहे. परंतु मी विद्यार्थ्यांना शिकवत असताना मला या चित्राचा त्याहून मोठा दोष खटकत असे, तो असा की त्यात काळाला कुठेही जागा नाही. चादर फक्त अवकाशाची वक्रता दाखवते. हातातून सुटलेला चेंडू जमिनीकडे येतो तो मात्र जवळजवळ सर्वस्वी काळाशी निगडित असलेल्या वक्रतेमुळे.

एक साधे उदाहरण घेऊ. चेंडू सरळ वर फेकला आणि तो बरोबर एका सेकंदाने हातात परत आला, तर तो सुमारे 1.2 मीटर उंच गेलेला असतो. आता काळही लांबीच्याच मापाने मोजायचा ठरवले, म्हणजे एक सेकंद म्हणजे प्रकाश एका सेकंदात कापतो तेवढे, सुमारे 3 लाख किलोमीटर अंतर असे धरले, तर अवकाश आणि काळ एकत्र मांडलेल्या नकाशावर या चेंडूची वाट 3 लाख किलोमीटर लांब आणि जेमतेम सव्वा मीटर उंच अशी कमान होते. या कमानीची वक्रतात्रिज्या (ती ज्या वर्तुळाचा तुकडा मानता येईल त्याची त्रिज्या) काढली तर ती सुमारे एक प्रकाशवर्ष भरते. बंदुकीच्या गोळीची वाट डोळ्यांना जवळजवळ सरळ दिसते आणि चेंडूची स्पष्ट वाकलेली, पण या नकाशावर दोन्ही कमानींची त्रिज्या तीच येते. दोन इतक्या वेगळ्या वस्तू एकाच वळणाने जात असतील, तर ते वळण त्या वस्तूंचे नसून त्या ज्यातून जातात त्या अवकाश-काळाचे आहे, हा विचार इथून सुचतो. व्यापक सापेक्षतेचा, म्हणजे आइन्स्टाइन यांच्या गुरुत्वाकर्षणाच्या सिद्धांताचा, गाभा हाच आहे, आणि त्यासाठी खळगा लागत नाही.

'काळाची वक्रता' हे शब्द गूढ वाटत असतील तर त्यांचा रोकडा अर्थ एवढाच की खालचे घड्याळ वरच्या घड्याळापेक्षा मंद चालते. 1960च्या सुमारास पाउंड आणि रेब्का या भौतिकशास्त्रज्ञांनी हार्वर्ड विद्यापीठातील साडेबावीस मीटरच्या मनोऱ्यात गॅमा किरणांच्या साहाय्याने हा परिणाम मोजला. 2010 साली केवळ 33 सेंटिमीटरच्या उंचीतला फरक अणुघड्याळांनी पकडला. म्हणजे आपण खुर्चीतून उठून उभे राहिलो की आपल्या डोक्याजवळचा काळ किंचित वेगळ्या गतीने चालू लागतो, असे म्हणायला हरकत नाही. स्थाननिश्चिती करणाऱ्या जीपीएस उपग्रहांवरील घड्याळे उंचीमुळे दिवसाला सुमारे 45 मायक्रोसेकंद पुढे जातात, वेगामुळे सुमारे 7 मायक्रोसेकंद मागे पडतात, आणि उरलेल्या 38 मायक्रोसेकंदांची दुरुस्ती आधीच करून ठेवावी लागते. एवढ्या वेळात प्रकाश 11 किलोमीटरहून अधिक अंतर जातो, यावरून दुरुस्ती न केल्यास काय होईल याची कल्पना येईल.

उपमा वाचताना मी एक सवय लावून घेतली आहे. ही उपमा कुठे मोडते, हे लेखकाने स्वतः सांगितले आहे का, ते पाहतो. फुगणाऱ्या फुग्यावरचे ठिपके विश्वाचे प्रसरण समजावण्यासाठी चांगले आहेत, पण फुग्याच्या पोटातील जागा आणि बाहेरची हवा यांना त्या उपमेत काहीही अर्थ नाही, हे सांगणारा लेखक माझ्या लेखी विश्वासार्ह ठरतो.

उत्तर 2: कागदपेन्सिल

घड्याळ मंद का चालते, याचे उत्तर आपल्या दहावीच्या गणितात आहे. कृपया पुढचा भाग कागदावर आकृती काढत वाचावा. नुसता वाचल्यास तोही सातवे अधोरेखित वाक्य होऊन बसेल.

प्रकाश एका नॅनोसेकंदात सुमारे 30 सेंटिमीटर जातो. एकमेकांसमोर, वर आणि खाली, 120 सेंटिमीटर अंतरावर दोन आरसे ठेवले, तर प्रकाशाचा कवडसा खालून वर 4 नॅनोसेकंदांत पोहोचेल. हे आपले घड्याळ. आता असेच दुसरे घड्याळ प्रकाशाच्या तीन-पंचमांश वेगाने आपल्यासमोरून आडवे जात आहे असे समजा. कवडसा खालून निघून वर पोहोचेपर्यंत वरचा आरसा पुढे सरकलेला असतो, म्हणून आपल्याला त्या कवडशाची वाट तिरपी दिसते. घड्याळ 90 सेंटिमीटर पुढे गेले, उंची 120 सेंटिमीटरच राहिली, तर पायथागोरसच्या प्रमेयाप्रमाणे तिरपी वाट 150 सेंटिमीटर झाली. प्रकाशाचा वेग सर्वांना सारखाच मोजता येतो, हे एकच गृहीतक धरले की 150 सेंटिमीटरला आपल्या घड्याळाने 5 नॅनोसेकंद लागलेच पाहिजेत. आणि 5 नॅनोसेकंदांत तीन-पंचमांश वेगाने 90 सेंटिमीटरच अंतर कापले जाते, म्हणजे हिशेब जुळला. आपले 5 झाले तेव्हा त्या घड्याळाचे 4 झाले. एवढेच आहे.

निसर्गात याचा पुरावा म्यूऑन कणांच्या (इलेक्ट्रॉनसारख्याच, पण अधिक जड आणि अल्पायुषी कणांच्या) रूपाने मिळतो. वातावरणाच्या वरच्या थरांत, 10 ते 15 किलोमीटर उंचीवर निर्माण होणाऱ्या या कणांचे सरासरी आयुष्य 2.2 मायक्रोसेकंद असते. तेवढ्या वेळात प्रकाशाच्या वेगानेही 660 मीटरच जाता येते, तरीही ते मोठ्या संख्येने जमिनीपर्यंत पोहोचतात, कारण वेगामुळे त्यांचे घड्याळ आपल्या मानाने मंद चालते.

पुस्तकांविषयी माझे मत थोडे कडक आहे. हॉकिंग यांनी 'अ ब्रीफ हिस्टरी ऑफ टाइम' या 1988च्या पुस्तकाच्या आरंभी नमूद केले आहे की, प्रत्येक समीकरणामागे खप निम्मा होईल असे त्यांना कोणी तरी सांगितले होते, आणि म्हणून त्यांनी एकच समीकरण ठेवले. हा किस्सा गमतीचा खरा, पण त्यानंतर अनेकांनी तो नियम मानला आणि वाचकाच्या हातून पेन्सिल काढून घेतली. याउलट भौतिकशास्त्रज्ञ फाइनमन यांचे, प्रकाश आणि पदार्थ यांच्या परस्परक्रियेवरचे 'क्यूईडी' पाहावे. त्यात बाणांची बेरीज आणि गुणाकार यांपलीकडे गणित नाही, पण त्या बाणांनी वाचक स्वतः तोच हिशेब करतो जो भौतिकशास्त्रज्ञ करतात, फक्त लांबच्या रस्त्याने. आइन्स्टाइन यांनी 1917 साली सापेक्षतेवर लिहिलेले छोटे पुस्तकही असेच आहे. शैलीची सफाई शिंप्याने आणि चांभाराने पाहावी, हे भौतिकशास्त्रज्ञ बोल्ट्झमन यांचे म्हणणे पाळल्याचे ते प्रस्तावनेत सांगतात, आणि पुस्तक वाचताना ते पटते.

उत्तर 3: उत्तररात्र

वरील दोन्ही उत्तरांशी सहमत आहे; मला फक्त एक वेगळी अडचण मांडायची आहे. या पुस्तकांत मोजून सिद्ध झालेली गोष्ट, भक्कम अनुमान आणि निव्वळ कल्पना या तिन्ही एकाच आत्मविश्वासाने आणि पुष्कळदा एकाच परिच्छेदात येतात. गुरुत्वीय लहरी, म्हणजे अवकाश-काळात पसरणारे तरंग, 14 सप्टेंबर 2015 रोजी त्यांच्या शोधासाठी अमेरिकेत उभारलेल्या लायगो वेधशाळेच्या उपकरणांत प्रत्यक्ष नोंदल्या गेल्या. कृष्णविवरातून होणारे उत्सर्जन हे हॉकिंग यांचे 1974चे अनुमान आहे. ते बहुतेक तज्ज्ञांना मान्य आहे, पण अवकाशातील कोणत्याही कृष्णविवराबाबत ते अद्याप टिपलेले नाही. अनेक विश्वे असल्याचा विचार आज तरी तर्काच्याच कक्षेत आहे. अनभ्यस्त वाचकाला हा फरक कळावा कसा? मी वाचताना समासात 'मोजले', 'काढले' आणि 'वाटते' असे तीन शब्द लिहीत जातो. काही पुस्तकांची शेवटची प्रकरणे 'वाटते'नेच भरून जातात. तो दोष नव्हे, पण ते ध्यानात असावे.

कृष्णविवराच्या काठावर कणांची जोडी निर्माण होते, एक कण आत पडतो, दुसरा निसटतो, हे चित्र तर प्रत्येक पुस्तकात आहे. हॉकिंग यांनी आपल्या 1975च्या सविस्तर शोधनिबंधातच ते समजुतीपुरते आहे, शब्दशः घेऊ नये, असे बजावले होते. लोकप्रिय पुस्तकांत चित्र टिकले आणि इशारा गळला.

प्रकाशनवर्ष पाहण्याचीही सवय असावी. वाइनबर्ग यांचे विश्वाच्या पहिल्या तीन मिनिटांवरचे 1977चे पुस्तक आजही वाचनीय आहे, पण विश्वाच्या प्रसरणाचा वेग वाढत असल्याचा शोध 1998चा, त्यामुळे तो त्यात असणे शक्यच नाही. लेखकाची स्वतःची भूमिकाही लक्षात घ्यावी. जयंत नारळीकरांचे 'आकाशाशी जडले नाते' वाचताना, त्यांनी फ्रेड हॉयल यांच्यासोबत महास्फोटाला पर्याय शोधण्यात आयुष्याची बरीच वर्षे घालवली हे माहीत असले, तर रूढ मताविषयीच्या त्यांच्या शंका अधिक नीट कळतात. मला तर अशा शंकेखोर लेखकांकडून अधिक शिकायला मिळाले.

सायंतारा

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आरशांची आकृती मी आणि भाचीने मिळून काढली. 90, 120 आणि 150 हे आकडे जुळल्यावर तिने लगेच पुढचा प्रश्न केला, आणि मी पुन्हा अडले. त्या जाणाऱ्या घड्याळाजवळ बसलेल्या प्रवाशाच्या दृष्टीने तर आपणच मागे जात आहोत. मग त्याला आपले घड्याळ मंद दिसायला हवे. दोघांचीही घड्याळे एकमेकांपेक्षा मंद, हे कसे शक्य आहे?

कागदपेन्सिल

शक्य आहे, आणि त्याच आकड्यांत दाखवता येते. आपण 5 विरुद्ध 4 अशी तुलना केली तेव्हा नकळत स्वतःची दोन घड्याळे वापरली: एक प्रवासी निघाला तिथे, दुसरे 90 सेंटिमीटर पुढे तो पोहोचला तिथे. ही दोन्ही एकाच क्षणी शून्यावर होती, हे आपले म्हणणे झाले. प्रवाशाला ते मान्य नाही. त्याच्या हिशेबाने, पहिले घड्याळ शून्यावर असताना दुसरे आधीच 1.8 नॅनोसेकंद पुढे होते (90 सेंटिमीटर म्हणजे प्रकाशाचे 3 नॅनोसेकंद, त्याचे तीन-पंचमांश). त्याच्या स्वतःच्या 4 नॅनोसेकंदांत आपले दुसरे घड्याळ मंद चालून फक्त 3.2 नॅनोसेकंद पुढे सरकले. 1.8 आणि 3.2 मिळून 5. भेटीच्या क्षणी दुसऱ्या घड्याळावर 5 आणि प्रवाशाच्या घड्याळावर 4 दिसतात, हे दोघांनाही मान्य आहे. मतभेद आहे तो दूरच्या ठिकाणी 'आत्ता' किती वाजले, याबद्दल. तो 1.8 नेमका कुठून आला, याची आकृती भाचीला आधी स्वतः काढून पाहू द्यावी. अडली तर इथे लिहावे.