मदत हवी: 46 अंशांना पाण्याचे किती कॅन भरावेत?

महालचा_पाणीवाला: 20 लिटरच्या थंड पाण्याच्या कॅनचा धंदा आहे. एप्रिल-मेमधलं कमाल तापमान आणि त्या दिवशी विकलेले कॅन असे:

36–95, 38–101, 39–116, 40–114, 41–127, 42–130, 42–195, 43–141, 44–140

एक्सेलच्या ट्रेंडलाइनचं (ठिपक्यांमधून काढलेल्या सरळ रेषेचं) समीकरण: विक्री = 8.01 × तापमान − 195.9, आर-स्क्वेअर (1 च्या जितका जवळ, तितके ठिपके रेषेला धरून) 0.48. नवतपात (मे अखेरच्या नऊ कडक उन्हाच्या दिवसांत) पारा 46 वर गेला तर यातून 172 येतात. एवढे भरू का? उरलेला माल दुसऱ्या दिवशी परत चिलरला लावावा लागतो.

आलेखवाली: भाऊ, 172 नका भरू. रेषेच्या आधी ठिपके बघा. 42 ला एकदा 130 अन् एकदा 195, आणि 44 ला 43 पेक्षाही कमी. या दोन दिवशी काय झालं होतं?

महालचा_पाणीवाला: 195 मध्ये लग्नाची 60 कॅनची ऑर्डर होती. 44 ला 140च भरले होते, दुपारी दोनलाच संपले.

आलेखवाली: मग दोन्हींचा इलाज वेगळा. लग्नाचे 60 उन्हामुळे गेलेले नाहीत, ते वजा करून 135 लिहा. 44 चा ठिपका काढूनच टाका. तो विक्री सांगतो, मागणी नाही. गिऱ्हाईक किती परत गेलं ते त्यात कुठेच नाही.

आता आठ ठिपक्यांवर रेषा काढली की विक्री = 6.74 × तापमान − 150.7, आर-स्क्वेअर 0.95. म्हणजे एका अंशामागे साधारण सात कॅन. 44 ला 146, 45 ला 153, 46 ला 159. एकही ठिपका रेषेपासून पाचाहून जास्त लांब नाही, म्हणून 44 ला 146 च्या मागेपुढे पाच धरा.

46 ची गोष्ट निराळी. तुमचा खात्रीचा डेटा 43 ला संपतो. पुढचे तीन अंश रेषा नुसती लांबवलेली आहे. एवढ्या उन्हात दुपारी बाजारच ओस पडला तर दुकानांची मागणी घटेल, घरांची वाढेल. 159 हा आकडा सुरुवातीला धरा, थोडे कॅन चिलरमध्ये राखून ठेवा आणि 44-45 चे दिवस आले की ते ठिपके टाकून रेषा पुन्हा काढा.

सीताबर्डी_शीट: थोडी भर. एक्सेलमध्ये इन्सर्टमधून ‘स्कॅटर’च घ्या, ‘लाइन’ नको. लाइन चार्ट 36 ते 38 आणि 38 ते 39 हे अंतर सारखंच दाखवतो, त्यामुळे चढ चुकतो. मग ठिपक्यावर राइट क्लिक, ‘ॲड ट्रेंडलाइन’, ‘लिनियर’, आणि समीकरण व आर-स्क्वेअर दोन्हींवर टिक. आर-स्क्वेअर वाढावा म्हणून सहाव्या घाताचं ‘पॉलिनॉमियल’ (वळणावळणाची रेषा) घ्यायचा मोह होतो. आठ ठिपक्यांत ती रेषा जवळपास सगळ्यांना शिवून जाते, पण 43 च्या पुढे कुठे उडेल याचा नेम नाही.

तापमान रोज एकाच ठिकाणचं घ्या. मे 2024 च्या शेवटी नागपुरातल्या एका स्वयंचलित केंद्रानं 56 अंश दाखवले होते. सेन्सर बिघडल्याचं हवामान खात्यानं नंतर सांगितलं. असा एक ठिपका घुसला की आठ दिवसांची मेहनत पाण्यात!

महालचा_पाणीवाला: हीच रेषा जानेवारीत चालेल का?

आलेखवाली: नाही. 20 अंशांना ती उणे 16 कॅन सांगते! 28 ला 38 येतात, पण त्यालाही आधार नाही. हिवाळ्याचा एकही ठिपका तुमच्याकडे नाही. पावसाळ्यात 32 अंशांनाही दमट उकाड्यानं घसा कोरडा पडतो, तेव्हा ते दिवस वेगळ्या शीटवर ठेवा. आणि उद्याचं तापमान हाही अंदाजच असतो. तो एका अंशानं हुकला तर तुमचे सात कॅन इकडचे तिकडे.

महालचा_पाणीवाला: बरं. उद्या 44 सांगितलंय, 150 भरतो. संपले तर किती वाजता संपले तेही लिहून ठेवतो.