समाजमाध्यमं सोडणं खरंच आपल्या हातात आहे का?

अर्धविराम:
‘एवढा त्रास होतो तर अ‍ॅप काढून टाक’ असं सांगणाऱ्यांना ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो का? फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सअ‍ॅप जगभर सहाएक तास ठप्प. कंपनीच्याच नेटवर्कच्या देखभालीत एक चुकीची कमांड गेली आणि सगळे सर्व्हर इंटरनेटवरून दिसेनासे झाले. करमणूक थांबली त्याचं सोडा, कित्येकांच्या ऑर्डरी नि कामाचे निरोपही अडकले. व्यसन व्यसन म्हणत आपण सगळं खापर वापरणाऱ्याच्या माथी फोडतो. ज्याच्यावाचून कामं अडतात, ते सोडायचं कसं?

रोखठोक:
नाचता येईना अंगण वाकडं! त्या दिवशी फोन लागत होते, एसएमएस जात होते. आणि रात्री दीड वाजता रील बघायला कुठलं ‘काम’ अडलेलं असतं? नोटिफिकेशन बंद करायला दोन मिनिटं लागतात. तेवढंही होत नसेल तर कंपनीला कशाला शिव्या द्यायच्या?

तळटीप:
दीड वाजता आपण बघत राहतो, कारण तिथे थांबायची जागाच ठेवलेली नाही. पूर्वी पान संपायचं, ‘पुढे’ दाबावं लागायचं आणि त्या क्षणभरात उठावंसं वाटायचं. २००६ साली डिझायनर एझा रास्किन यांनी न संपणारं स्क्रोल रचलं आणि ती फटच बुजली. पुढे त्यांनी स्वतःच त्याबद्दल जाहीर खेद व्यक्त केला. समोरच्या बाजूला पगारी इंजिनिअरांची फौज, इकडे पेंगुळलेला एकटा माणूस. (नोटिफिकेशन मीही बंद केलीत. आता ती आलीत का हे बघायला फोन उघडतो.)

कानामात्रा:
मला ऐकू येत नाही, म्हणून जरा वेगळं सांगते. ‘पूर्वी लोक समोरासमोर बोलायचे’ हे उसासे मला कधी पटले नाहीत. चार माणसं एकदम बोलायला लागली की मी कुणाच्या ओठांकडे बघू? हसू फुटलं की शेजारणीला ‘काय झालं?’ विचारायचं आणि ‘काही नाही गं, नंतर सांगते’ ऐकायचं. ते ‘नंतर’ कधी आलं नाही. ग्रुपवर मात्र मी बरोबरीने भांडते, व्हिडिओ कॉलवर खुणांनी तासन्‌तास गप्पा मारते. तुमचं ओझं ते माझं घर आहे.

अर्धविराम:
कानामात्रा, तुमचं म्हणणं शंभर टक्के मान्य. पण घर म्हणताय, तर किल्ली कुणाकडे आहे? उद्या एखाद्या स्वयंचलित यंत्रणेने तुमचं खातं गोठवलं, तर दाद मागायला पलीकडे माणूस सापडेलच असं नाही.

रोखठोक:
मग काय, सरकारकडे जायचं? ऑस्ट्रेलियाने १० डिसेंबर २०२५ पासून सोळा वर्षांखालच्या मुलांना मोठ्या माध्यमांवर खाती ठेवायला मनाई केली. मुलं ओळखायची तर वय तपासणं आलं, म्हणजे उद्या मोठ्यांनीही चेहरा दाखवायचा. चालेल?

अर्धविराम:
नाही चालणार. मी बंदी मागतच नाहीये. ईमेल कुठल्याही कंपनीचा असो, निरोप पोचतोच ना? युरोपियन युनियनच्या डिजिटल बाजार कायद्याने व्हॉट्सअ‍ॅप आणि मेसेंजरला इतर निरोप-अ‍ॅपसाठी दार उघडायला लावलंय. ते सगळीकडे होऊ दे. मी दुसऱ्या अ‍ॅपवरून कानामात्राशी बोलू शकलो, की मग खुशाल म्हणा, ‘सोडून दे.’