राम नाईक यांचे उत्तर मुंबईतील अग्रक्रम : विचारसरणीचे की मतदारसंघाचे?

मृद्गंध (धागाकर्ता)

नमस्कार. राज्यशास्त्राच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमासाठी मी एक दीर्घ निबंध लिहीत आहे आणि त्यासाठी भाजपचे नेते राम नाईक यांची उत्तर मुंबईतील कारकीर्द निवडली आहे. 1978 ते 1989 या काळात ते बोरिवलीचे आमदार होते आणि 1989 पासून 2004 पर्यंत सलग पाच वेळा उत्तर मुंबईतून लोकसभेवर निवडून आले. नोकरी सोडून जनसंघाचे पूर्णवेळ काम पत्करलेल्या या नेत्याची वैचारिक बैठक उजवी आणि परंपरानिष्ठ होती, हे निराळे सांगायला नको. संसदेच्या अधिवेशनाचा आरंभ ‘जन गण मन’ने आणि समारोप ‘वंदे मातरम्’ने व्हावा यासाठी त्यांनी धरलेला आग्रह, तसेच शहराचे अधिकृत नाव सर्व भाषांत ‘मुंबई’ असेच असावे यासाठी केलेला पाठपुरावा, हे दोन्ही त्या बैठकीला धरूनच होते.

मतदारसंघातील त्यांच्या कामांकडे वळल्यावर मात्र चित्र बदलते. तेथे सर्वांत मोठी जागा उपनगरी रेल्वेने व्यापलेली आहे. त्यानंतर कुष्ठपीडितांच्या वसाहती, तारापूर अणुऊर्जा प्रकल्पाचे विस्थापित आणि तान्ह्या बाळांच्या कृत्रिम दुधाच्या प्रचारावर निर्बंध आणू पाहणारे अशासकीय विधेयक (सरकारऐवजी एखाद्या सदस्याने स्वतः मांडलेले), असे विषय येतात. यांपैकी कशाला उजव्या विचारांचा अग्रक्रम म्हणावे, हे मला ठरवता येत नाही. कोणत्याही पक्षाचा खासदार असता तरी त्याने हेच विषय हाती घेतले असते का? आणि खासदारांना मतदारसंघासाठी निधी मिळावा, या मागणीमागेही त्यांचा पुढाकार होता. शासनाचा पसारा आटोपशीर असावा असे मानणाऱ्या विचारात ही मागणी कशी बसते? त्या भागात राहिलेल्या किंवा या विषयाची माहिती असलेल्या सदस्यांनी मत द्यावे, ही विनंती.

सोपारा

मी नालासोपाऱ्यात वाढलो, त्यामुळे रेल्वेपुरतेच लिहितो.

बोरिवली ते विरार या टप्प्यात तेव्हा दोनच रूळमार्ग होते, एक जाण्याचा आणि एक येण्याचा. त्याच दोन मार्गांवरून धिम्या लोकल, जलद लोकल, गुजरातकडे व दिल्लीकडे जाणाऱ्या मेल-एक्स्प्रेस आणि मालगाड्या, असे सगळेच धावत असे. एखादी मेल उशिराने आली की तिला वाट करून देण्यासाठी लोकल थांबवून ठेवावी लागे, आणि सकाळच्या वेळी त्या पाच-दहा मिनिटांचा परिणाम पुढच्या सगळ्या फलाटांवर दिसे. नालासोपाऱ्याला चर्चगेटची गाडी पकडणे अशक्य झाले की लोक आधी उलट्या दिशेने विरारला जात, तेथे गाडीतच बसून राहत आणि त्याच गाडीने परत नालासोपाऱ्यावरून दक्षिणेकडे निघत. विरार लोकलमध्ये बोरिवलीचा प्रवासी चढला तर त्याला दारातच अडवले जाई, कारण बोरिवलीकरांना बोरिवलीहूनच सुटणाऱ्या गाड्या होत्या आणि विरारकरांना दुसरा पर्याय नव्हता. या दारांतून पडून माणसे दगावत. वसई-विरारमध्ये लोक स्वस्त घरासाठी गेले होते आणि त्या घराची उरलेली किंमत ते रोज रेल्वेत मोजत होते.

अशा मतदारसंघाच्या खासदाराने रेल्वे सोडून दुसरा कोणताही विषय पहिला मानला असता, तर त्याला मतदारसंघ कळलाच नाही असे आम्ही म्हटले असते. नाईकांना तो आमदारकीच्याही आधीपासून कळलेला होता. 1964 मध्ये त्यांनी गोरेगाव प्रवासी संघ स्थापन केला, म्हणजे निवडणूक लढवण्याच्या कितीतरी आधी ते प्रवाशांच्या बाजूने रेल्वेशी पत्रव्यवहार करत होते. म्हणून आपल्या प्रश्नाचे माझे उत्तर असे की, हा अग्रक्रम फलाटावरून आला. तो कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यातून आलेला नव्हता.

लेखापाल

सोपारा यांनी गरज नेमकी सांगितली आहे. परंतु मला वाटते की धागाकर्त्यांच्या प्रश्नाचे खरे उत्तर, कोणता विषय निवडला यापेक्षा तो सोडवण्यासाठी कोणते साधन निवडले, यात शोधावे लागेल. शासकीय लेखा विभागात नोकरी झाल्यामुळे माझे लक्ष नेहमी याच बाजूकडे जाते.

मुंबईच्या लोकलची अडचण केवळ पैशांची नव्हती. रेल्वे केंद्राची, जमीन बऱ्याच अंशी राज्याच्या अखत्यारीतली आणि रुळांलगत हजारो झोपड्या, ज्यांचे पुनर्वसन राज्यानेच करायचे. रेल्वे मंत्रालय म्हणे, राज्य जागा मोकळी करून देत नाही. राज्य म्हणे, रेल्वे आमचे ऐकत नाही. 1998 मध्ये नाईक रेल्वे राज्यमंत्री झाले आणि 12 जुलै 1999 रोजी मुंबई रेल्वे विकास महामंडळ कंपनी कायद्याखाली स्थापन झाले. त्याचे भागभांडवल 25 कोटी रुपयांचे असून त्यात रेल्वे मंत्रालयाचा वाटा 51 टक्के आणि महाराष्ट्र शासनाचा 49 टक्के ठरला. ज्याला जागा मोकळी करायची आहे त्यालाच मालकीत आणि खर्चात वाटेकरी केल्यामुळे जबाबदारी एकमेकांवर ढकलण्याची सोय बरीच कमी झाली. पुढे जागतिक बँकेच्या कर्जाच्या साहाय्याने एमयूटीपीचा (मुंबई नागरी वाहतूक प्रकल्पाचा) पहिला टप्पा याच महामंडळामार्फत उभा राहिला. बोरिवली-विरार चौपदरीकरण, नऊ डब्यांच्या गाड्यांच्या जागी बारा डब्यांच्या गाड्या आणि 1500 व्होल्ट डीसी विजेऐवजी 25 हजार व्होल्ट एसी प्रणाली, ही कामे त्यातलीच.

मला यात एका सावध, परंपरानिष्ठ लोकप्रतिनिधीची कार्यपद्धती दिसते. मोठी घोषणा, फुकट पास किंवा मंत्र्याच्या मर्जीने मिळणारी जादा गाडी यांपेक्षा कायद्याने बांधलेली आणि मंत्री बदलल्यानंतरही टिकणारी संस्था त्यांना अधिक विश्वासार्ह वाटली. बाळांच्या दुधाविषयीच्या विधेयकातही तेच दिसते. विषय माता-बालकांच्या आरोग्याचा, साधन मात्र अशासकीय विधेयकाचे, जे सहसा मंजूर होत नाही म्हणून बहुतेक सदस्य फारसे मनावर घेत नाहीत. सरकारने नंतर स्वतःचा कायदा आणला आणि 1992 मध्ये तो मंजूर झाला.

आता खासदार निधी. 23 डिसेंबर 1993 रोजी पंतप्रधान नरसिंह राव यांनी ही योजना लोकसभेत जाहीर केली. आरंभी रक्कम पाच लाख होती, पुढच्याच वर्षी ती एक कोटी झाली, 1998-99 पासून दोन कोटी आणि 2011-12 पासून पाच कोटी. खासदार काम सुचवतो आणि मंजुरी, निविदा व खर्च हे सारे जिल्हा प्रशासन करते, ही तिची मूळ रचना आहे. तरीही माझे मत या योजनेच्या विरुद्ध आहे आणि ते मी स्पष्ट सांगतो. जो सरकारला खर्चाचा जाब विचारतो, त्यानेच खर्चाचा वाटेकरी होऊ नये. दुसऱ्या प्रशासकीय सुधारणा आयोगानेही ती बंद करण्याची शिफारस केली होती, मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2010 मध्ये तिची वैधता मान्य केली. नाईकांच्या साऱ्या कामात मला हीच एक गोष्ट त्यांच्या स्वतःच्या पद्धतीशी विसंगत वाटते. संस्था बांधणाऱ्या माणसाने समाजमंदिरे आणि बसथांब्यांच्या निधीसाठी आग्रह धरावा, हे मला पटत नाही.

केळवेकर

लेखापाल यांचे विवेचन अभ्यासपूर्ण आहे, पण ते मुंबईच्या बाजूने केलेले आहे. 2008 च्या फेररचनेपूर्वी उत्तर मुंबई हा मतदारसंघ गोरेगावपासून मालाड, कांदिवली, बोरिवली असा वर येऊन वसई आणि पालघरपर्यंत पसरलेला होता. एका टोकाला गृहनिर्माण संस्थांच्या इमारती आणि दुसऱ्या टोकाला सातपाटीची होडी, केळव्याची पानमळ्याची वाडी आणि आदिवासी पाडा. अशा मतदारसंघात अग्रक्रम ठरवणे म्हणजे कोणाला थांबायला सांगायचे ते ठरवणे होय, आणि ज्यांना थांबायला सांगितले गेले त्यांत आम्ही होतो.

बोरिवली-विरार चौपदरीकरणाचा लाभ विरारपर्यंतच्या लोकांना झाला. विरारच्या पुढे वैतरणा, सफाळे, केळवे रोड, पालघर, बोईसर हा पट्टा कितीतरी वर्षे मोजक्या शटल आणि थांबा असलेल्या चार-दोन लांब पल्ल्याच्या गाड्यांवर अवलंबून राहिला. आमच्या गावातल्या पान-भाजी घेऊन जाणाऱ्या बायका पहाटेच्या शटलसाठी काळोखात स्टेशनवर येऊन बसत, कारण ती चुकली तर पुढची गाडी मिळेपर्यंत माल कोमेजलेला असे. डहाणूपर्यंतच्या उपनगरी सेवेसाठी नाईकांनी दीर्घकाळ पाठपुरावा केला, हे मी मान्य करतो. ती सेवा सुरू झाली मात्र 2013 मध्ये. विरार-डहाणू चौपदरीकरणाला तर एमयूटीपीच्या तिसऱ्या टप्प्यात, 2016 च्या अखेरीस मान्यता मिळाली. म्हणजे बोरिवलीकडचा प्रश्न मार्गी लागल्यानंतर आमचा कागद पुढे सरकला.

तारापूरविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीसाठी अक्करपट्टी आणि पोफरण ही गावे उठली. देशाच्या सामर्थ्याचा अभिमान बाळगणाऱ्या पक्षाच्या नेत्याला अणुप्रकल्पाच्या बाजूने बोलून मोकळे होणे सोपे होते. प्रकल्पाला त्यांचा विरोध नव्हताच. तरीही विस्थापित मच्छीमारांचे आणि शेतकऱ्यांचे पुनर्वसन नीट व्हावे यासाठी ते झगडत राहिले आणि निवडणूक हरल्यानंतरही त्यांनी तो प्रश्न सोडला नाही. राष्ट्राची गरज आणि दोन गावांचा हक्क यांत त्यांनी गावांचा हक्क हिशोबात धरला, याची नोंद निबंधात जरूर व्हावी.

खासदार निधीविषयी लेखापाल यांच्याशी मी सहमत नाही. शहरातल्या माणसाला बसथांबा क्षुल्लक वाटतो. ज्या पाड्यावर जिल्हा परिषदेचा पैसा पोहोचतच नाही, तेथे शाळेची एक खोली किंवा साकव खासदाराच्या एका पत्राने होतो, आणि पावसाळ्यात मुले ओढा ओलांडून शाळेत जाऊ शकतात. त्या निधीतला ठराविक हिस्सा अनुसूचित जाती आणि जमातींच्या वस्त्यांसाठी वापरावा लागतो, हेही विसरू नये.

आरेचा शेजारी

एक नाव अद्याप कोणीच घेतलेले नाही, म्हणून लिहितो. 1977 मध्ये याच उत्तर मुंबईतून मृणाल गोरे लोकसभेवर गेल्या होत्या. त्या समाजवादी, नाईक जनसंघाचे. दोघांचीही सार्वजनिक घडण गोरेगावातली. मृणालताईंना लोक ‘पाणीवाली बाई’ म्हणत, कारण उपनगरांतल्या वस्त्यांना नळाचे पाणी मिळावे म्हणून त्यांनी हंडे घेऊन मोर्चे काढले, महागाईविरुद्ध लाटणी हातात घेतलेल्या बायका रस्त्यावर आणल्या आणि पुढे नागरी निवारा परिषदेमार्फत घरांचा प्रश्न लावून धरला.

दोघांचे विषय शेजारी शेजारी ठेवले तर आपल्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे मिळते. पाणी, घर आणि लोकल हे विषय उपनगरानेच दोघांच्या हाती दिले. विचारसरणीमुळे बदलली ती रीत. मृणालताई दबाव रस्त्यावरून आणत. नाईक निवेदन, प्रश्नोत्तराचा तास, याचिका आणि विधेयक या वाटेने जात. कुष्ठपीडितांच्या वसाहतींचा प्रश्न त्यांनी राज्यसभेच्या याचिका समितीपुढे मांडला, तोही खासदारकी गेल्यानंतर, एक नागरिक म्हणून. 2008 मध्ये समितीने त्यावर अहवाल दिला. ज्या वर्गाची मते कोणत्याही निवडणुकीचा निकाल फिरवू शकत नाहीत, त्यांच्यासाठी हरलेला उमेदवार संसदेचे दार ठोठावतो, याला मी फार मोलाचे मानतो.

एक भर आर्थिक बाजूची. पेट्रोलियम मंत्री असताना हिंदुस्थान पेट्रोलियम आणि भारत पेट्रोलियमच्या निर्गुंतवणुकीला त्यांनी स्वतःच्याच सरकारमध्ये उघड विरोध केला. 2003 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने संसदेच्या मान्यतेवाचून या कंपन्या विकता येणार नाहीत, असा निर्णय दिला. तेव्हा ‘उजवे’ म्हणजे खासगीकरणवादी, असे समीकरण मांडून निबंध लिहायला बसलात तर हा माणूस त्यात बसणार नाही. संस्था जपणे आणि सार्वजनिक मालमत्ता घाईने हातची न घालवणे, हा त्यांचा परंपरानिष्ठपणा मानावा लागेल.

सोपारा

केळवेकरांनी मांडलेली विरारपलीकडची व्यथा खरी आहे. विरारला गाडी रिकामी होताना आम्ही सुटकेचा श्वास टाकत होतो आणि तेथूनच त्यांचा खडतर प्रवास सुरू होत होता, याचा विचार आमच्या बाजूने पुरेसा झाला नाही.

2004 च्या पराभवाविषयीही लिहायला हवे. त्या वर्षी काँग्रेसचे उमेदवार, अभिनेते गोविंदा, यांनी नाईकांना सुमारे 48 हजार मतांनी हरवले. पुष्कळ लोक यावरून असा निष्कर्ष काढतात की कामाला मते मिळत नाहीत. मला तो निष्कर्ष घाईचा वाटतो. महामंडळ 1999 मध्ये स्थापन झाले, कर्ज आणि पुनर्वसन यांत पुढची काही वर्षे गेली, आणि विरारपर्यंतचे चार रूळमार्ग प्रत्यक्ष वापरात येईपर्यंत 2007 उजाडले होते. 2004 मध्ये मतदानाला गेलेला नालासोपाऱ्याचा माणूस त्या दिवशीही दारातच लोंबकळत गेला होता. पाच वर्षांत पुरे होणार नाही असे काम हाती घेणाऱ्या प्रतिनिधीला हा धोका पत्करावाच लागतो.

मृद्गंध (धागाकर्ता)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आता निबंधाची मांडणी बदलते. विषयांची निवड मतदारसंघाने केली, साधनांची निवड विचारसरणीने केली आणि विषयांचा क्रम मतदारसंघाच्या कोणत्या टोकाला लोकसंख्या अधिक होती यावर ठरला, असे तीन भाग मी करत आहे. तिसरा भाग पूर्णपणे केळवेकरांमुळे सुचला. खासदार निधीचा वाद मात्र मी दोन्ही बाजू देऊन खुला ठेवणार आहे, कारण बोरिवली आणि पालघर येथे त्याचे उत्तर एकच असेल असे आता मला वाटत नाही. प्राथमिक साधने कोणती पाहावीत?

लेखापाल

1990 ते 1998 या काळातील रेल्वे अर्थसंकल्पांवरील लोकसभेच्या चर्चा आधी वाचाव्यात. मंत्री होण्यापूर्वी त्यांनी काय मागितले आणि मंत्री झाल्यावर त्यातले काय केले, हे त्यावरून ताडून पाहता येईल. याचिका समितीचा 2008 चा अहवाल आणि एमयूटीपीच्या पुनर्वसनाची कागदपत्रेही सोबत घ्यावीत. मृणाल गोरे यांची 1977 ते 1979 मधील लोकसभेतील भाषणे शेजारी ठेवल्यास तुलना अधिक भक्कम होईल. केळवेकरांच्या साकवाच्या उदाहरणासाठी जिल्हाधिकारी कार्यालयातील खासदार निधीच्या मंजूर कामांच्या याद्या मागवाव्यात. पालघर जिल्हा 1 ऑगस्ट 2014 रोजी झाला, त्यामुळे त्याआधीच्या नोंदींसाठी पालघरला न जाता आधी ठाणे आणि मुंबई उपनगर या दोन्ही जिल्ह्यांच्या कार्यालयांत चौकशी करावी.