एनजीसी ६५७२ हा तेजोमेघ सहा इंची दुर्बिणीतून कसा ओळखायचा?

कासपठार
सातारा सोडून पंचवीसेक किलोमीटरवर आमचं गाव, आकाश बऱ्यापैकी काळं. सहा इंची डॉब (साध्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण), फोकल लेंथ १२०० मिमी, २५ आणि १० मिमीचे आयपीस (डोळ्याकडची भिंगं), पट दुप्पट करणारी टू-एक्स बार्लो. भुजंगधारी तारकासमूहात ७१ क्रमांकाच्या ताऱ्यापासून दोन अंश दक्षिणेला येतो, पण दिसतात नुसते तारे. आठव्या प्रतीचा ग्रहीय तेजोमेघ (मरणाऱ्या ताऱ्यानं सोडलेला वायू) मग जातो कुठे?

डॉबवाला
ओ-थ्री फिल्टर, म्हणजे ऑक्सिजनचा हिरवट प्रकाश तेवढा सोडणारी काच, मिळवा. डोळा आणि आयपीसच्या मधे धरून आत-बाहेर करा. तारे मंदावतात, हा तसाच राहतो.

उत्तररात्र
कासपठार, तो तुमच्या नजरेखालून गेलाय. २५च्या आयपीसला ४८ पट मिळते आणि हा जेमतेम १० विकलांचा (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग), म्हणजे ताराच वाटणार. तेजोमेघ म्हटलं की आपण ढग शोधतो. इथे रंग शोधा. त्या भागात एकच ‘तारा’ हिरवट दिसेल. नजर तिरपी करू नका, थेट बघा, रंग थेट नजरेलाच कळतो.

मग १०चा आयपीस अधिक बार्लो, २४० पट. घाबरू नका! अंधूक दीर्घिका इतक्या पटीला विरून जाते, पण याचा सगळा उजेड इवल्याशा जागेत कोंबलेला आहे, तो ताणला तरी पुरतो. नुसत्या डोळ्यांना चंद्र दिसतो त्याहून मोठी चकती होईल.

फिल्टरचं डॉबवाल्यांनी सांगितलं ते खरं. या वायूचा बराचसा प्रकाश ४९६ आणि ५०१ नॅनोमीटरच्या दोन रेषांतच असतो. खगोलशास्त्रज्ञ हगिन्सला १८६४ मध्ये कालेय तारकासमूहातल्या तेजोमेघात अशा रेषा दिसल्या. त्या दोन इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या आहेत हे भौतिकशास्त्रज्ञ बोवेननं १९२७ मध्ये दाखवलं. तरी या तेजोमेघासाठी फिल्टर विकत घेऊ नका, पैसे चांगल्या ६च्या आयपीसला ठेवा.

मे महिना आहे, मध्यरात्रीनंतर तो चांगला वर येतो. पाऊस लागायच्या आत उरका.

कासपठार
सापडला, काका! ४८ पटीला हिरवा ठिपका, २४०ला किंचित लांबट चकती, कडा मऊ. मधला तारा मात्र नाही दिसला.

उत्तररात्र
वा! तो तारा वायूच्या उजेडात बुडतो, सहा इंचीला अवघडच. आता शौरी तारकासमूहातला एनजीसी ६२१० घ्या. दोन्ही खगोलशास्त्रज्ञ स्ट्रूव्हनं १८२५ मध्ये शोधले. हा थोडा मंद, पण निळसर. रंग कसा वाटला ते इथेच लिहा.