नवीन ट्रक ताब्यात घेताना सर्व्हिस बुलेटिनची कामं मागून घ्यावीत का?

लांबपल्ला

पंधरा दिवसांत नवा ट्रक ताब्यात घेतोय. चासी (इंजिन, चाकं आणि केबिन असलेला नुसता सांगाडा) डीलरच्या यार्डात येऊन उभी आहे, माल ठेवायची बॉडी अजून चढायची आहे. आधीच्या ट्रकने मला एक धडा शिकवला, म्हणून हा धागा काढतोय.

तो ट्रक घेऊन सात महिने झाले आणि चढावर मध्येच पॉवर तुटायला लागली. बंद करून पुन्हा चालू केला की नीट. वर्कशॉपच्या तीन खेपा झाल्या. पहिल्यांदा सेन्सर बदलला, मग डिझेल फिल्टर, मग पुन्हा तोच सेन्सर. चौथ्या खेपेला एका मेकॅनिकने केबिन उचलून टॉर्च मारून दाखवलं. इंजिनच्या वायरिंगचा जुडगा एका ब्रॅकेटच्या धारेवर घासून सोलला होता. वायर जोडली, ब्रॅकेट जरा बाहेर वळवला, वायरवर जाड स्लीव्ह चढवली. तासाभराचं काम. नंतर कळलं की कंपनीने याच दोषावर सर्व्हिस बुलेटिन काढलं होतं आणि त्याची तारीख माझ्या डिलिव्हरीच्या आधीची होती. मी किल्ली घेतली त्या दिवशी डीलरच्या कॉम्प्युटरमध्ये हा कागद पडून होता. मला कोणी सांगितलं नाही, कारण मी विचारलं नाही.

ज्यांना बुलेटिन म्हणजे काय ते माहीत नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. एखाद्या मॉडेलमध्ये तीच तीच तक्रार यायला लागली की कंपनी डीलरांना पत्रक पाठवते. कोणती मॉडेल, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत बनलेली, लक्षण काय, कारण काय, दुरुस्ती कशी करायची, कोणते पार्ट, किती वेळाची मजुरी, हे सगळं त्यात असतं. हे रिकॉल नव्हे. रिकॉल सुरक्षेच्या दोषासाठी असतो आणि मालकाला कळवणं कंपनीवर बंधनकारक असतं. बुलेटिनची चिठ्ठी मालकाकडे येत नाही.

माझं मत असं की पूर्ण पैसे भरण्याआधी चासी नंबर देऊन लागू असलेल्या बुलेटिनांची यादी मागावी आणि ती कामं डिलिव्हरीच्या आधी, जॉब कार्डवर (वर्कशॉपच्या कामाच्या नोंदीवर) लिहून, करून घ्यावीत. तुम्ही काय केलंत?

---

वर्कशॉप_आतून

मी १४ वर्षं डीलरच्या वर्कशॉपमध्ये काढली आहेत आणि तुमच्याशी असहमत आहे. तुमचा राग रास्त आहे, उपाय चुकीचा आहे.

एक तर पैशाचा भाग. वॉरंटीचं काम कंपनीच्या खिशातून होतं आणि क्लेम मंजूर व्हायला तीन गोष्टी लिहाव्या लागतात: गिऱ्हाइकाची तक्रार, सापडलेलं कारण, केलेली दुरुस्ती. लक्षण नसलेल्या गाडीवर काम केलं तर पहिला रकानाच रिकामा. पुढे ऑडिट होतं तेव्हा असा क्लेम कंपनी डीलरकडून परत वसूल करते. म्हणजे तुम्ही सर्व्हिस अॅडव्हायझरकडे एकतर फुकट काम मागताय, नाहीतर खोटी तक्रार लिहायला सांगताय. बहुतेक बुलेटिनांत स्पष्ट लिहिलेलं असतं की हे लक्षण दिसत असेल तरच पुढची पायरी करा.

दुसरं मला जास्त महत्त्वाचं वाटतं. फॅक्टरीत बसलेला जोड एकदा उघडला की तो तसाच परत बसेल याची खात्री नसते. एका मालकाने हट्ट धरला म्हणून आम्ही कोऱ्या ट्रकच्या इंजेक्टरचे हाय-प्रेशर पाइप सोडले होते. बऱ्याच इंजिनांत हे पाइप एकदा ढिले केले की नवेच बसवायचे असतात, कारण त्यांचं टोक पहिल्यांदा आवळताना बसकण घेतं. घाईत जुनेच परत आवळले गेले. दोन आठवड्यांनी ट्रक डिझेल गळत परत आला. त्या इंजिनात मुळात काहीही दोष नव्हता.

बुलेटिन निघालं म्हणजे त्या यादीतली प्रत्येक गाडी बिघडलेली आहे असं नसतं.

---

चौथा_गिअर

वर्कशॉप_आतून यांना +१, आणि एक वेगळं कारण. पहिल्या बुलेटिनमधला उपाय पुष्कळदा शेवटचा उपाय नसतो.

जनरल मोटर्सच्या ८ गिअरच्या ऑटोमॅटिक पिकअपचं उदाहरण घ्या. ठरावीक वेगाला गाडी थरथरायची, खडबडीत पट्ट्यावरून चालल्यासारखी. आधीच्या बुलेटिनमध्ये गिअरबॉक्सचं ऑइल काढून स्वच्छ करून भरायला सांगितलं होतं. थरथर काही दिवस थांबायची आणि परत यायची. २०१९ मध्ये कंपनीने वेगळ्याच घडणीचं ऑइल वापरायला सांगितलं. आधी घाई केलेल्या लोकांना तेच काम दोनदा करावं लागलं.

फोर्डच्या ५ लिटर व्ही८ इंजिनच्या एफ-१५० ऑइल पितात अशी तक्रार होती. २०१९ च्या शेवटी आलेल्या बुलेटिनमध्ये इंजिनच्या कॉम्प्युटरचा प्रोग्रॅम बदलायचा होता आणि ऑइल मोजायची पट्टी बदलायची होती. नव्या पट्टीवर कमी-जास्तच्या खुणांमधलं अंतर वाढवलेलं. मी नवा ट्रक घेताना ती पट्टी मागून काय मिळवणार? मला माझ्या इंजिनचं ऑइल किती घटतंय तेच कळायला हवं, आणि ते आधी मोजलं तरच कळेल.

---

लांबपल्ला

@वर्कशॉप_आतून, पाइपाचं उदाहरण मनाला लागलं, मान्य. पण माझ्या वायरचं काय? तिथे लक्षण दिसतं तेव्हा वायर सोललेली असते. नुकसान होऊन गेलेलं असतं. "लक्षण दिसेपर्यंत थांबा" याचा ट्रकवाल्याच्या भाषेत अर्थ होतो, भरल्या मालासकट चढावर थांबा. कारवाला टॅक्सी करून घरी जातो. माझ्या मागे माल असतो, त्याची वेळ ठरलेली असते.

आणि खोटी तक्रार मी मागत नाही. यादी मागतोय.

---

स्पॅनर१३

दोन गोष्टी एकात मिसळताय का बघा. टोयोटाने २०२४ मध्ये अमेरिकेत साधारण १ लाख २ हजार टुंड्रा आणि लेक्सस एलएक्स परत बोलावल्या, इंजिनमध्ये कारखान्यातला धातूचा कीस राहिला होता म्हणून. जनरल मोटर्सने २०२५ मध्ये ६.२ लिटर व्ही८ च्या जवळपास ६ लाख गाड्या बोलावल्या, क्रँक आणि कनेक्टिंग रॉडच्या दोषासाठी. हे रिकॉल. रिकॉल मागावा की नाही हा प्रश्नच नाही. अमेरिकेत तर उघडा रिकॉल असलेली नवी गाडी, काम पूर्ण केल्याशिवाय गिऱ्हाइकाच्या ताब्यात देणं डीलरला कायद्याने मना आहे. तुमच्याकडे कायदा कसाही असो, चासी नंबर टाकून रिकॉल तपासल्याशिवाय ट्रक हलवू नका.

तिथे बुलेटिनसुद्धा सरकारी रस्ते-सुरक्षा खात्याकडे जातात आणि कोणालाही संकेतस्थळावर वाचता येतात. एकाच मॉडेलचा ट्रक अनेक देशांत विकला जात असेल तर ती वाचून काय विचारायचं एवढं तरी कळतं. फक्त इंजिन आणि गिअरबॉक्स तेच आहेत ना, ते आधी बघा.

---

डिझेलवही

आमच्याकडे ११ ट्रक आहेत. मी लांबपल्ला यांच्या बाजूने, आणि त्यांच्यापेक्षा जास्त ठामपणे.

या धाग्यात एक मुद्दा अजून कोणी काढलाच नाही: बॉडी. कारवाला आज नाही तर सहा महिन्यांनी काम करून घेईल, त्याला फरक पडत नाही. ट्रकची चासी उघडी असते तेव्हा फ्रेमच्या आतून गेलेली वायरिंग, हवेचे पाइप, मागचा क्रॉस मेंबर, सगळं हाताला लागतं. एकदा वर टिपर किंवा थंड कंटेनर बसला, सबफ्रेम (बॉडीखालची चौकट) आवळली, की तेच अर्ध्या तासाचं काम अख्ख्या दिवसाचं होतं. आणि तेव्हा डीलर म्हणतो की बॉडी उतरवायची मजुरी आमच्याकडे नाही. आम्ही हे एकदा भोगलंय. एअर टँकच्या ब्रॅकेटचा बोल्ट बदलायचा होता, फक्त बोल्ट. त्यासाठी वर बसवलेली बॉडी उचलावी लागली आणि तिचा खर्च आम्हीच भरला.

म्हणून आमच्या ऑर्डरच्या कागदावर आता एक ओळ असते: चासी बॉडीबिल्डरकडे जाण्याआधी लागू बुलेटिनांची यादी आणि प्रत्येकापुढे "केलं / लागू नाही / लक्षण आल्यावर" असा शेरा लेखी मिळावा. ऑर्डर सही व्हायच्या आधी हे मागितलं तर डीलर देतो. ट्रक घेऊन गेल्यावर मागितलं तर मॅनेजर मीटिंगमध्ये असतो.

दारावरच्या प्लेटवर बनल्याचा महिना असतो, तो बघा. बुलेटिन बहुतेकदा अमुक तारखेच्या आधी बनलेल्या गाड्यांसाठी असतं, नंतरच्यांमध्ये फॅक्टरीतच बदल झालेला असतो. यार्डात आठ महिने उभी असलेली चासी आणि गेल्या महिन्यात उतरलेली चासी एकाच रंगाची, एकाच किमतीची असते. यादी मागितल्यावर त्यातली कोणती घ्यायची ते आम्ही ठरवतो. माझ्या मते यादीचा खरा उपयोग इथे आहे, दुरुस्तीपेक्षाही.

---

वर्कशॉप_आतून

बॉडीचा मुद्दा मान्य करतो. याचा विचार मी केला नव्हता, कारण बॉडी चढल्यावरच ट्रक आमच्याकडे यायचे.

पण शब्द बदला. दुरुस्ती मागू नका, तपासणी मागा. वायर ब्रॅकेटला घासते का, बोटभर अंतर आहे का, हे डोळ्यांनी बघायला काही उघडावं लागत नाही. डिलिव्हरीच्या आधीच्या तपासणीत ते बसतं. अंतर कमी दिसलं तर तेच लक्षण, तेच जॉब कार्डवर लिहायचं. क्लेम खरा होतो आणि मेकॅनिकही मनापासून करतो. गिअरबॉक्स, इंजेक्टर, टर्बो, डिफरन्शियल यांना मात्र तक्रारीशिवाय हात लावू देऊ नका. कोऱ्या इंजिनवर शिकाऊ पोरगा बसलेला मी पाहिला आहे.

सॉफ्टवेअरचं बघा: नवी आवृत्ती आली असेल तर भरून घ्यायला हरकत नाही, पण बॅटरीला स्थिर व्होल्टेजचा चार्जर लावूनच. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या चासीची बॅटरी अर्धमेली असते. मध्येच व्होल्टेज पडलं तर इंजिनचा कॉम्प्युटर निकामी होऊ शकतो.

---

चौथा_गिअर

सॉफ्टवेअरलाही माझा विरोधच आहे. गिअर बदलायची वेळ, डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) साफ व्हायची वेळ, टर्बोचा दाब, सगळं त्यातून बदलतं. ट्रक आधी कसा चालतो ते तुम्हाला माहीत नाही, तर बदलल्यानंतर बिघडला की सुधारला हे कसं ओळखणार? आधी चालवा, मग मागा.

---

पाटा_स्प्रिंग

मी मालक नाही, ड्रायव्हर आहे. तुमच्या सगळ्या वादात एक माणूस सुटला: गाडीत बसणारा.

मी नवीन ट्रकवर पहिले काही हजार किलोमीटर वही ठेवतो. आवाज आला तर इंजिन थंड होतं की गरम, कितवा गिअर, आरपीएम किती, भरलेला की रिकामा, पाऊस होता का. ऑइल आणि कूलंटची पातळी रोज, त्याच सपाट जागेवर. कारण वर्कशॉपमध्ये "आवाज येतो" म्हटलं की ते एक चक्कर मारतात आणि कार्डावर लिहितात, "आवाज आढळला नाही." संपलं. तेच "गरम असताना, सहाव्या गिअरला, १२०० आरपीएमवर, पाय हलका सोडला की" असं सांगितलं तर ते स्वतःच बुलेटिन शोधतात. माझ्यासमोर दोनदा असं झालंय.

मालकांना विनंती एवढीच की यादी मिळाली तर एक प्रत ड्रायव्हरला द्या. मला काय ऐकायचं ते कळेल. आजवर कोणी दिलेली नाही.

---

लांबपल्ला

@पाटा_स्प्रिंग, प्रत नक्की देणार. हे माझ्या डोक्यातच नव्हतं.

काल डीलरकडे जाऊन आलो. सुरुवातीला "अशी यादी बाहेर देत नाही" असं ऐकलं. मी म्हटलं, पत्रकं नकोत, फक्त विषय आणि शेरे लिहून द्या, बाकीचे पैसे त्यानंतर भरतो. तासाभराने चार ओळी मिळाल्या. दोन माझ्या चासीला तारखेमुळे लागू नाहीत. तिसरी हवेच्या पाइपाच्या क्लिपची होती. खाली वाकून दोघांनी बघितलं, पाइप फ्रेमला टेकलेला होता. क्लिप बदलली, कार्डावर आलं. चौथी गिअरबॉक्सच्या सॉफ्टवेअरची, खालचे गिअर झटका देतात त्यासाठी. ती मी भरून घेणार होतो. इथलं वाचून थांबलो, पण अजून मनातून पटलेलं नाही. पहिल्याच खेपेला झटका बसला तर ट्रक माल सोडून परत वर्कशॉपात आणायचा कोणी?

चासी सोमवारी बॉडीला जाते.

---

चौथा_गिअर

आधी रिकामी चासी घेऊन शंभर किलोमीटर चालवा. झटका बसला तर सोमवारच्या आत तक्रार खरी, काम फुकट. नाही बसला तर हात लावू नका.

---

डिझेलवही

रिकाम्या चासीवर काय कळणार? वजन नसताना आमच्यातल्या एकाही ट्रकने झटका दिला नव्हता. भरल्यावर दिला. भरून घ्या ते सॉफ्टवेअर, चार्जर लावून, स्वतः उभं राहून.